पात्र कोण आणि अपात्र कोण ?

मराठींत 'पात्र' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पात्र म्हणजे भांडें, आणि पात्र म्हणजे योग्य मनुष्य. दान सत्पात्रीं द्यावें असें जुनीं माणसें सांगत, तेव्हां त्यांच्या मनांत हे दोन्ही अर्थ असत : ज्यांत ओतलेलें सांडत नाहीं तें भांडें, आणि ज्याला दिलेलें वायां जात नाहीं तो माणूस. यवतमाळच्या जिल्हाधिकारी कचेरींत मात्र २००६ पासून हा शब्द एका निराळ्याच अर्थानें रूढ झाला. तेथें मनुष्य पात्र किंवा अपात्र ठरत नाहीं. त्याचा मृत्यु पात्र किंवा अपात्र ठरतो.

यवतमाळ हा वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. इंग्रजी अमलांत ह्या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत; १९०५ पासून यवतमाळ हें नांव आलें. सोळा तालुके, कापूस व सोयाबीन हीं मुख्य पिकें. सीमेवरून वर्धा आणि पैनगंगा वाहतात, पण शेतीचा मोठा भाग पावसाच्या भरंवशावर चालतो. ह्याच जिल्ह्यांतील चिलगव्हाण गांवचे शेतकरी साहेबराव करपे ह्यांचा १९ मार्च १९८६ रोजीं वर्धा जिल्ह्यांत पवनारनजीक पत्नी व चार मुलांसह करुण अंत झाला. शेतकऱ्याच्या आत्महत्येची जाहीर चर्चा महाराष्ट्रांत ह्या घटनेपासून सुरू झाली असें सामान्यतः मानतात. त्या वेळीं मदतीची योजना नव्हती, म्हणून निकषहि नव्हते. पुढें असे मृत्यु वाढत गेले, प्रश्न न्यायालयांत पोहोंचला, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनें २००५ सालीं अहवाल सादर केला, आणि अखेर डिसेंबर २००५ व जानेवारी २००६ मधील शासननिर्णयांनीं मदतीचें स्वरूप निश्चित झालें. पात्र ठरलेल्या कुटुंबास एक लाख रुपये; त्यांपैकीं तीस हजार हातीं, सत्तर हजार ठेव म्हणून.

आतां हें पात्र ठरणें म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण सर्व वाद त्यांतच सांठलेला आहे. घटना घडली म्हणजे पोलिसांचा पंचनामा होतो, तहसीलदार चौकशी करतात, तलाठ्याकडून सात-बाराचा उतारा येतो, बँकेकडून व सोसायटीकडून थकबाकीचा दाखला येतो. हे सर्व कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें ठेवतात. समिती तीन गोष्टी पाहते. मृताच्या अथवा त्याच्या कुटुंबाच्या नांवें शेतजमीन होती काय ? राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक, सोसायटी अथवा परवानाधारक सावकार ह्यांचें कर्ज होतें काय ? आणि नापिकीमुळें तें कर्ज थकून त्याचा तगादा हेंच मृत्यूचें कारण होतें काय ? तिन्ही चाळण्यांतून प्रकरण खालीं उतरलें तर तें पात्र. एकींत अडकलें तर अपात्र.

कागदावर हें वाजवीच दिसतें. योजना शेतकऱ्यांसाठीं आहे, तेव्हां मृत इसम शेतकरी होता कीं नाहीं हें पाहावयास नको काय ? पण शेतकरी म्हणजे कोण, ह्याचें उत्तर सात-बारावर शोधावयाचें ठरलें कीं अडचणीस सुरुवात होते.

समजा, एका गांवांत दोन शेजारी आहेत. पहिल्याची स्वतःची चार एकर जमीन, तिच्यावर बँकेचें पीककर्ज. दुसऱ्याच्या नांवें जमीन नाहीं. तो गांवांतल्याच एका नोकरदाराची सहा एकर जमीन वर्षाच्या मक्त्यानें करतो. मक्ता पाडव्याच्या सुमारास ठरला, रक्कम रोख मोजली, लिखापढी कांहींच नाहीं. जमीन त्याच्या नांवावर नसल्यामुळें बँक त्याला दारांत उभें करीत नाहीं, म्हणून मक्त्याचे पैसे सावकाराकडून आणि बियाणें-खत कृषि केंद्रांतून उधारीवर. पाऊस दोघांवर सारखाच रुसला, बोंडअळी दोघांच्या कपाशीवर सारखीच पडली. तोटा मात्र दुसऱ्याचा अधिक, कारण त्याला मक्ताहि भरावा लागला होता. ह्या दोघांवर एकाच हंगामांत दुर्दैवाचा घाला पडला, तर पहिल्याचें कुटुंब पात्र आणि दुसऱ्याचें अपात्र. ज्याचा बोजा जड, त्याच्याच पदरीं नकार.

आणि ही लिखापढी न होण्याचें कारण पुन्हां कायद्यांतच आहे. विदर्भासाठीं १९५८ सालीं स्वतंत्र कूळ कायदा झाला. कसणाऱ्याचें रक्षण व्हावें हा त्याचा हेतु, आणि तो उदात्त होता. परंतु त्यामुळें जमीनमालकाच्या मनांत एक कायमची धास्ती बसली : कागद केला तर उद्यां हा कूळ म्हणून हक्क सांगेल. म्हणून व्यवहार तोंडी. ज्या कायद्यानें कसणाऱ्यास मालक करावयाचें, त्याच कायद्याच्या भीतीनें आजचा कसणारा दप्तरांतून नाहींसा झाला.

स्त्रियांची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. कपाशीचें निंदण आणि वेचणी हीं कामें मुख्यतः बायकांच्याच हातचीं. पण सात-बारावर पतीचें, सासऱ्याचें किंवा दिराचें नांव. कोलाम, गोंड ह्या आदिवासी कुटुंबांपैकीं कित्येक पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसत आलीं. त्यांच्या हातीं पट्टा येण्याचा मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्यानें उघडला, पण त्यालाहि १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या ताब्याचा पुरावा हवा. राहतां राहिला सालदार आणि रोजमजूर. पीक बुडालें म्हणजे सर्वांत आधीं त्याची मजुरी बुडते, परंतु तो शेतकरीच नव्हे, तेव्हां त्याचें प्रकरण समितीपुढें येण्याचेंहि कारण नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानें २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर ह्यांचे आंकडे वेगळे छापण्यास आरंभ केला. त्या पहिल्याच वर्षीं देशभरांत शेतकरी ५,६५० आणि शेतमजूर ६,७१० अशी नोंद झाली. ज्यांच्याविषयीं कोणी बोलत नव्हतें, त्यांची संख्या अधिक निघाली.

दुसरी चाळणी कर्जाची. परवानाधारक सावकार आणि बिगरपरवाना सावकार हा भेद सरकारी दप्तरांत ठळक आहे. कर्ज काढणाऱ्याच्या घरांत तो कोणी विचारीत नाहीं. २०१५ सालीं विदर्भ व मराठवाड्यांतील शेतकऱ्यांचीं सावकारी कर्जें शासनानें स्वतः फेडण्याचें ठरविलें, तेव्हां ह्या भेदाची एक विलक्षण तऱ्हा दिसून आली. पुष्कळ प्रकरणें अडलीं तीं सावकाराजवळ परवाना नव्हता म्हणून नव्हे, तर परवान्यांत नमूद केलेल्या क्षेत्राबाहेरील शेतकऱ्यास त्यानें कर्ज दिलें होतें म्हणून ! नियम सावकारानें मोडला, फळ मात्र ऋणकोच्या वांट्यास आलें.

तिसरी चाळणी कारणाची; आणि ती सर्वांत बारीक. माणूस एका कारणानें खचत नाहीं. कर्ज असतें, त्यांत मुलीचें लग्न निघतें, घरांत आजारपण शिरतें, कोणी दारूच्या आहारीं जातो. पंचनाम्यांत 'कौटुंबिक कलह' किंवा 'व्यसन' असा शब्द पडला, कीं शेतीचा संबंध तुटला असें मानणें सोपें होतें. पण घरांतला कलह कशावरून पेटला हें विचारण्यास पंचनाम्यांत रकाना नाहीं.

शासनाच्या बाजूनें जें म्हटलें जातें, तेंहि हलकें नव्हे. पैसा लोकांचा आहे. दाखल्यावांचून तो वांटला, तर खोट्या दाव्यांचा पूर येईल आणि खऱ्या दुःखिताचा वांटा लबाडाच्या घरीं जाईल. ज्या अधिकाऱ्यानें सही केली, त्याला पुढें हिशेबतपासनिसास उत्तर द्यावें लागतें. अपात्र ठरविल्याबद्दल त्याला सहसा कोणी जाब विचारीत नाहीं, पात्र ठरविल्याबद्दल विचारतात. अशा स्थितींत तो कागदाला चिकटून राहिला तर नवल नाहीं. ह्याहूनहि गंभीर असा एक आक्षेप विचारी माणसांनीं घेतला आहे : मृत्यूला किंमत जोडणें हेंच मुळीं अनुचित. जिवंतपणीं ज्याच्या दारीं कोणी फिरकलें नाहीं, त्याच्या मृत्यूनंतर मोटार येते, हा कसला न्याय ?

हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरून निघणारें अनुमान मदत बंद करावी असें नसून ती आधीं पोहोंचवावी असें आहे. आणि आधीं पोहोंचविणें अशक्य होतें असेंहि नाहीं. २००६ सालीं अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलढाणा व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांत सरकारी नोकरांनीं सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. कर्ज किती, पीक कसें, घरांत लग्नाच्या मुली किती, आजारी कोण, हें सर्व टिपून घेतलें, आणि चार लाखांहून अधिक कुटुंबें अत्यंत अडचणींत आहेत असें नोंदविलें. म्हणजे जिवंत माणसांची यादी सरकारजवळ होती. त्याच वर्षीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांनीं विदर्भाचा दौरा करून ह्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा मोठा हिस्सा पाटबंधाऱ्यांसाठीं होता. तीं कामें आवश्यकच. परंतु कालव्याचें पाणी कांहीं वर्षांनीं येतें, आणि तगादा ह्या महिन्यांत असतो. दरम्यान पांढरकवड्याहून काम करणारी विदर्भ जनआंदोलन समिती आपली स्वतंत्र मोजणी प्रसिद्ध करी, आणि सरकारी संख्येचा व तिचा मेळ बसत नसे. आश्चर्य नाहीं, एकजण मृत्यु मोजीत होता, दुसरा पात्र मृत्यु.

मर्यादेची रेघ कोठें ओढावी, हा प्रश्न कर्जमाफींतहि असाच उभा राहिला. २००८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत जाहीर झालेल्या योजनेंत दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारें पांच एकरांपर्यंत, जमीन असणाऱ्याचें थकलेलें कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक असल्यास उरलेलें भरल्यावर कांहीं सूट. पांच एकर हा आंकडा सर्व देशास एकच. पण कोल्हापुरास पाण्याखालचे पांच एकर म्हणजे ऊंस, आणि झरी-जामणीच्या मुरमाड उतारावरचे पांच एकर म्हणजे पावसाच्या मर्जीवर थोडासा कापूस. कोरडवाहू मुलखांत दहा एकरांचा धनीहि गरीबच असतो, हें वऱ्हाडांत पोरालाहि ठाऊक. सूत्र करणाऱ्यांच्या ध्यानांत तें उशिरानें आलें, आणि अशा जिल्ह्यांतील मोठ्या खातेदारांस सुटीची किमान रक्कम वीस हजार करण्यांत आली. २०१७ सालच्या राज्याच्या योजनेंत मर्यादा एकरांऐवजीं रुपयांत आली, दीड लाखांची, आणि 'कुटुंब' हें एकक धरलें. २०१९ अखेरच्या योजनेंत ती दोन लाख झाली. प्रत्येक वेळीं तोच वाद नव्यानें झाला : ज्यानें बायकोचे दागिने मोडून हप्ता वेळेवर भरला, त्यानें काय पाप केलें ? २०१७ मध्यें अशांना पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम देऊन त्याचें अंशतः उत्तर दिलें गेलें. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेनें तर कितीतरी आधीं सांगून ठेवलें होतें कीं मालाला रास्त भाव मिळाला तर माफीची गरजच उरणार नाहीं. तें म्हणणें मान्य केलें, तरी मजुराचा आणि मक्त्यानें करणाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतोच.

गरजू कोण हें ओळखावयाचें कसें, हा पेंच कांहीं नवा नाहीं, आणि यवतमाळचा एकट्याचाहि नाहीं. इंग्लंडांत १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानें असें ठरविलें कीं मदत घेणाऱ्याची स्थिति सर्वांत गरीब मजुराहूनहि हलकी असावी, म्हणजे आळशी माणूस आपोआप दूर राहील. तेंच तत्त्व आपल्याकडे दुष्काळाच्या नियमांतून आलें. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले, त्यांत दुष्काळ पडला कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं आधीं परीक्षेचीं कामें काढीत. कमी मजुरीवर खडी फोडावयास लोक आले, तर गरज खरी. न आले, तर दुष्काळ नाहीं. म्हातारे, पंगु, निराधार ह्यांची गांवोगांव वेगळी यादी असे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत वऱ्हाडनें ह्या पद्धतीचा अनुभव घेतला आहे. पद्धत कठोर होती. पण तिच्यांत एक गोष्ट होती कीं खडी फोडणाऱ्याला सात-बारा कोणी मागत नसे.

ह्याच धाग्यांतून महाराष्ट्रानें एक वेगळें वस्त्र विणलें. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांत तासगांवकडे लहान प्रमाणांत प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजना राज्यभर आली, तेव्हां मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदजवळच्या गहुली गांवचे. पुढें १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. त्याचें सूत्र एका वाक्यांत सांगतां येतें : खेड्यांतील ज्या प्रौढ माणसास अंगमेहनतीचें काम हवें असेल त्यानें मागावें, आणि सरकारनें तें पंधरा दिवसांत द्यावें, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. दुष्काळी कामावर मजूर परीक्षेस बसत असे. ह्या कायद्यानें सरकारला परीक्षेस बसविलें. त्यासाठीं पैसा उभारण्यास १९७५ सालीं व्यवसायकर आला. शहरांतील पगारदारांच्या पगारपत्रकांत हा कर वजा झालेला दिसतो. तो मुळांत कशासाठीं बसला, हें फार थोड्यांच्या लक्षांत असेल.

ह्या योजनेंत पात्रतेची समिती नव्हती. येणारा स्वतःच स्वतःला निवडी. १९७२-७३ मध्यें ह्या कामांवर भूमिहीनाच्या शेजारीं चार-दोन एकरांचा धनीहि घमेलें उचलीत होता, आणि बायका तर मोठ्याच संख्येनें आल्या. दोष नव्हते असें नाहीं. हजेरीपटांत खोटीं नांवें चढलीं, मजुरी आठवडे आठवडे रखडली, आणि ज्याच्या अंगांत कुदळ उचलण्याचें बळ नाहीं त्याला ह्या दारांत कांहींच नव्हतें. शिवाय ज्याच्या दारांत बैलजोडी होती, अशा शेतकऱ्यास गांवासमोर खडी फोडणें हें कर्जाहूनहि जड वाटे. त्या लाजेला कोणत्याच नियमांत जागा नाहीं. तरीहि चुकून कोणी आंत येण्याचा धोका पत्करून कोणीहि बाहेर राहूं नये असा प्रयत्न ह्या योजनेनें केला, आणि मृत्यूनंतरच्या मदतीनें नेमकें ह्याच्या उलट केलें.

शेतकरी ह्या शब्दाचा रुंद अर्थहि देशाला अपरिचित नाहीं. डॉ. स्वामिनाथन् ह्यांच्या आयोगाच्या कामावर आधारलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणांत जमीनधारकाबरोबर कूळ, बटईदार, शेतमजूर, गुराखी, मासेमार, वनोपज गोळा करणारे आदिवासी, ह्या सर्वांस शेतकरी म्हटलें आहे. व्याख्या छापली गेली. पैसा मात्र जुन्याच व्याख्येनें वाहत राहिला. २०१९ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधींत आधीं दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती त्याच वर्षीं काढून टाकली आणि लहान-मोठे सर्व जमीनधारक आंत आले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं ह्या निधीचा सोळावा हप्ता पंतप्रधानांनीं यवतमाळच्याच सभेंतून देशभर वितरित केला. ती मर्यादा उठली तेव्हां वीस एकरांचा मालक आंत आला. मक्त्यानें सहा एकर करणारा बाहेरच राहिला, कारण त्याच्यापुढें एकरांची मर्यादा नव्हतीच, नांवाची होती.

ह्या सर्व योजनांच्या कडा एकमेकींस कशा जुळत नाहींत, हें एका उदाहरणावरून दिसेल. शेतकऱ्यास शेतांत साप चावला किंवा त्याच्यावर वीज पडली, तर गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवें सुरू झालेल्या अपघात विमा योजनेंतून दोन लाखांची तरतूद करण्यांत आली. आत्महत्या तींतून वगळलेली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कमावता मनुष्य वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेंत वीस हजार, आणि तेथें मृत्यूचें कारण विचारावयाचें नाहीं. म्हणजे लाख-दोन लाखांसाठीं कारण सिद्ध करा. वीस हजारांसाठीं गरिबी पुरे.

अपात्र ठरलेल्या घरांतील विधवेपुढें ह्यानंतर जें काम उरतें तें मदतीच्या अर्जाचें नसतें. जमीन असेल तर आधीं तलाठ्याकडे वारसाची नोंद. दीर व सासरा ह्यांची संमति मिळून फेरफार मंजूर होईपर्यंत सोसायटी तिला नवें पीककर्ज देत नाहीं, आणि पतीच्या नांवचें जुनें कर्ज तर जमिनीवर उभेंच असतें. जमीन मक्त्याची असेल तर नोंदीचा प्रश्न नाहीं. पाडव्याला मालक ती दुसऱ्यास देतो. मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला, आणि त्या दाखल्यासाठीं पुन्हां तेंच तहसील कार्यालय, जेथून पतीच्या मृत्यूची चौकशी सुरू झाली होती.